नोकरी गेली का रे तुझी?

दुधाच्या पिशवीसाठी कार काढणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी, व्हाया भोर-वेल्हे

आमच्या घरापासून दुधाची डेअरी नऊशे मीटरवर आहे. हे अंतर मी मोबाईलवर मोजलं, तेही कारमध्ये बसून, एसी लावून. कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. भोरच्या बाजारपेठेत समोरून टेम्पो आलेला, मागे ट्रॅक्टर आणि मधे मी. ही पेठ पंत सचिवांच्या संस्थानाच्या काळातली. तेव्हा कुणी वॅगनआरचा विचार केला असेल, अशी अपेक्षा करणंही चूक. अर्धा लिटर दूध आणायला त्या दिवशी मला बावीस मिनिटं लागली.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप उचलून मी पुण्याहून गावी आलो. नंतर कंपनीने आठवड्यातून दोन दिवस बोलवायला सुरुवात केली. उरलेले पाच दिवस मी भोरकर. माझा फंडा एकदम क्लिअर होता: गावात राहायचं, मोकळी हवा, आपोआप फिटनेस! झालं उलटंच. पुण्यात निदान पार्किंगपासून लिफ्टपर्यंत तरी चालणं व्हायचं. इथे मी दळणाला कार, बँकेत कार, केस कापायला कार. वजन सात किलोंनी वाढलं.

मग एक आठवडा मी प्रत्येक फेरी लिहून काढली. एकूण तेवीस फेऱ्या, त्यातल्या सतरा तीन किलोमीटरच्या आतल्या. गाडीचं इंजिन नीट तापायच्या आधीच आपण पोहोचलेलो असतो. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, धूर जास्त सोडतं, बॅटरीही धड चार्ज होत नाही. म्हणजे कारला सगळ्यात जास्त त्रास होतो तो लांबच्या प्रवासात नाही, दुधाच्या पिशवीपायी.

सायकल घ्यायला पुण्यात गेलो, तर दुकानातला पोरगा मला एकवीस गिअरवालीच गळ्यात मारायला निघालेला. मी म्हटलं, मला हिमालय चढायचा नाहीये, कोथिंबीर आणायची आहे. शेवटी साधी, बिनगिअरची, कॅरिअर, पुढे बास्केट आणि दोन्ही चाकांना मडगार्ड असलेली घेतली. मडगार्ड नसलेल्या सायकली फोटोत सॉलिड दिसतात, पण पावसाळ्यात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन बँकेत जाऊन बघा.

पहिल्या आठवड्यात किराणावाल्याने विचारलं, "काय साहेब, गाडी गॅरेजला का?" दुसऱ्या आठवड्यात, "गाडी विकली का?" तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी आईला हळूच गाठलं, "पोराची नोकरी गेली का गं?" आई पोट धरून हसली. अण्णा हसले नाहीत. रात्री जेवताना ताटाकडे बघतच म्हणाले, "उद्यापासून गाडी नेत जा. पेट्रोलचे पैसे मी देईन."

आता अण्णांविषयी सांगायलाच हवं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शाळा भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेला, एका वाडीत. जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. काळी ॲटलास, पुढे डायनॅमोचा दिवा, पॅन्टला क्लिप. पावसाळ्यात ओढा भरला की सायकल खांद्यावर, आणि वर्गात घालायचा कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत. एकदा तपासणी होती आणि नेमकी वाटेत चेन तुटली. पाऊण तास उशीर. आलेल्या साहेबांनी त्यांना मुलांसमोर उभं करून झापलं. हात ग्रीसने काळे होते, ते लपवायला जागा नव्हती. हे सगळं मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. रिटायरमेंटच्या पैशातून त्यांनी पहिल्यांदा काय घेतलं असेल? बरोबर. वॅगनआर. तिच्यावर अजून कव्हर घालतात, रोज रात्री.

मी मात्र पूर्ण तयारीत होतो. नेदरलँड सुरू केलं. तिथेही पन्नास-साठच्या दशकांत लोकांनी सायकली सोडून गाड्या घेतल्या होत्या. मग रस्त्यावर मुलं मरायला लागली म्हणून आईबापांनी आंदोलनं केली, १९७३च्या तेलटंचाईत रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि आज तिथल्या चारातल्या एकापेक्षा जास्त फेऱ्या सायकलवर होतात, वगैरे वगैरे. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं. "त्यांच्या दारात गाडी आहे हे सगळ्यांना माहीत असतं," ते म्हणाले, "म्हणून त्यांना सायकल शोभते. मला कुणी विचारलं नव्हतं, हौस म्हणून चालवतोस का."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही नाही. सायकलवर मस्त लेख लिहिणारे (माझ्यासकट) बहुतेक सगळे असे असतात, ज्यांना कंटाळा आला की कारची किल्ली हाताशी असते. पुण्याचंच बघा ना. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवायचं. पैसे आले तशा लुना आल्या, स्कूटर आल्या. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या रंगीत सायकली आल्या, दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. अण्णांच्या ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना तर ३ जून २०२० ला बंद पडला. तारीख बघा, जागतिक सायकल दिन!

माझी आत्या वेल्हे तालुक्यात, मार्गासनीजवळच्या एका वाडीत राहते. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आत्याच्या तोंडी वेल्हंच.) कापूरहोळ, नसरापूर करत तिच्याकडे मी कारनेच जातो. हायवेवर सायकल घालायची हौस मला नाही, तुम्हीही करू नका. शनिवारी त्या रस्त्यावर मजा असते. राजगड-तोरण्याला निघालेल्या गाड्या, काहींच्या टपावर लाखभराच्या सायकली. पण वाडीतलं मोठं माणूस सायकलवर दिसणार नाही.

आत्याकडे दोन म्हशी. डेअरी दीड किलोमीटरवर. दूध घालायला ती कुणाच्या तरी मोटारसायकलची वाट बघत बसायची. पोरगा वेळेवर उठला तर ठीक, नाहीतर डेअरी बंद आणि दूध घरात. मी सायकल सुचवली तर म्हणाली, "आता नऊवारीत शिकू होय?" पण तिची आठवीतली नात ऐकत होती. गोठ्यात चुलत भावाची जुनी सायकल पडून होती. ट्यूब बदलल्या, ब्रेकचे रबर घातले, खर्च चारशेच्या आत. आता कॅरिअरला कॅन बांधून रोज सकाळी तीच जाते. वाटेत एक चढ आहे, तिथे उतरून ढकलते. आणि तिथून परस्पर शाळेत. "आता कुणाला म्हणावं लागत नाही," एवढंच ती म्हणाली.

बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सरकारने सायकली दिल्या, तेव्हा संशोधकांना शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण तीस टक्क्यांहून जास्त वाढलेलं दिसलं. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "तिला सायकल मिळाली हे चांगलंच झालं. तुझं काय?"

माझं असं, की तीन किलोमीटरच्या आत सायकल, त्यापुढे कार. धो धो पाऊस असला की कार, बिनदिक्कत. सपाटीवर सावकाश चालवली तरी तासाला बारा-पंधराचा वेग पडतो, म्हणजे डेअरी पाच मिनिटं. दिवाळीनंतर वजन चार किलो उतरलं. तुम्ही घेणार असाल तर एकच गोष्ट दुकानातच बघून घ्या. पायडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट खाली ठेवून चालवली की आठवड्यात गुडघे बोंबलतात आणि दोष सायकलला जातो. आणि मागे लाल दिवा लावाच. भोरच्या बाहेर संध्याकाळी रस्त्यावर फार उजेड नसतो.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ग्रँड टूर झाली. ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत, परदेशी सायकलपटू, गुळगुळीत केलेले रस्ते. अण्णांनी ती माझ्या मोबाईलवर पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यांना कुणी विचारत नाही, नोकरी गेली का म्हणून."

अजून ते माझ्या सायकलवर बसलेले नाहीत. काकू अजून अधूनमधून चौकशी करतात. पण परवा मी गेटातून बाहेर पडत होतो, तर अण्णांनी पेपरमधून डोकं वर न काढता हाक मारली, "अरे, मागच्या चाकात हवा कमी आहे. आवाज येतोय."

बघितलं. होती.