आईची मोरा



1970 साली आम्ही मुंबईहून बेरशेवाला आलो. आमचं वय लहान, म्हणून पाच महिने उल्पानमध्ये बसून हिब्रू शिकलो आणि इस्पितळात नर्सच्या कामाला लागलो. आई मात्र उल्पानला एकच दिवस गेली. "लेकीच्या वयाची बाई मला फळ्यापाशी उभी करते," म्हणाली, आणि पुन्हा गेली नाही.

मराठी चार इयत्ता शिकलेली ती. माहेरी अलिबागला शेजारणींची पत्रं तीच वाचून दाखवायची. इथे एका कचेरीत कारकुनाने काही न विचारता शाईची डबी तिच्यापुढे सरकवली. तिने अंगठा उठवला. घरी येऊन कितीतरी वेळ साबणाने तो अंगठा घासत बसली.

बेरशेवाचे विद्यापीठ तेव्हा नवेच, 1969 सालचे. तिथली एक विद्यार्थिनी आठवड्यातून दोनदा संध्याकाळी आमच्या घरी फुकट शिकवायला येऊ लागली. आल्या आल्या म्हणाली, "मी मोरा." मोरा म्हणजे शिक्षिका. आई आम्हाला म्हणते, "मोरा तर उरणला! धक्क्यावरून लाँच जाते ना तिकडे?"

पोरगी हुशार. पुस्तक उघडलंच नाही. पहिल्या दिवशी फक्त आईचं नाव गिरवून घेतलं. मग चहाचा डबा, औषधाची बाटली, बसची पाटी. उजवीकडून लिहायचं, त्याचं आईला काही वाटलं नाही. पण हिब्रूत छापताना स्वर गाळतात, हे तिला पटेना. "आपल्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं जागच्या जागी. इथे नुसती हाडं ठेवलीत, मांस कुठाय?" मुलांनो, तुम्ही बिनटिंबांचं भराभर वाचता, आम्हाला अजून अडखळायला होतं! मग मोराने नवागतांसाठीचं, टिंबं दिलेलं 'शआर लामतखिल' आणून दिलं. पैसे घेईना, म्हणून आई तिला सांदणं खाऊ घालायची.

विद्यार्थ्यांचं एक वाईट, परीक्षा आली की गायब! मोरा महिनाभर फिरकली नाही. आई रुसली, पेन्सिल उचलून फळीवर ठेवली. मोरा परत आली तेव्हा अर्धी अक्षरं विसरलेली. मोठ्या माणसाला शिकवायला घेतलं तर मध्येच सोडू नये, असं आमचं मत तेव्हापासूनचं.

पुढे वॉर्डात अशी माणसं पुष्कळ भेटली. फॉर्म पुढे केला की म्हणायची, "सिस्टर, चष्मा घरी राहिला." आम्ही समजायचो. त्यांना सर्वांदेखत विचारायचं नाही, पडदा ओढून हळूच वाचून दाखवायचं.

1974 साली रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतून पेराख योजना निघाली. विद्यार्थी वस्तीतल्या मुलांना शिकवतात आणि त्यांची थोडी फी भागते. आमच्या बेरशेवाच्या विद्यापीठाने विद्यार्थ्यांना गरीब वस्तीत बिनभाड्याची घरं दिली, बदल्यात त्यांनी शेजारपाजारच्यांसाठी काम करायचं. आईच्या वेळी हे काही नव्हतं. होती ती एकटी मोरा आणि तिची सायकल.

दीड वर्षाने आईला त्याच कचेरीत पुन्हा जावं लागलं. आम्ही सोबत होतो. कारकुनाने सवयीने डबी पुढे केली. आईने ती त्याच्याकडे परत सरकवली आणि हिब्रूत पेन मागितलं. सही करायला तिला बराच वेळ लागला. मागे रांग कुरकुरत होती. आम्ही वाकून पाहिलं, तर नावाखाली तिने सगळी टिंबंसुद्धा दिली होती.