गोष्टीचा साचा कुणाचा?

राजारामपुरीत माझ्या घरी संध्याकाळी आठवी-नववीची दहाबारा मुलं अभ्यासाला येतात. दिवसा महाविद्यालयात वाङ्मयप्रकार शिकवायचे आणि संध्याकाळी या मुलांच्या वह्या तपासायच्या, असा माझा क्रम आहे. एकदा त्यांना गोष्ट लिहायला सांगितली. बहुतेकांनी राजा, साधू नाहीतर लाकूडतोड्या लिहिला. एका मुलीची आई बंगल्यांतून धुण्याभांड्याची कामं करते. तिनंही 'आटपाट नगर' लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "सर, आमच्या घरातलं गोष्टीत कसं बसंल?"

हा प्रश्न माझाही आहे. शाळेत माझ्या वहीवर 'ही गोष्ट नव्हे, तक्रार आहे' असा लाल शेरा पडला होता. घरात पहिला शिकणारा मी. शेरा खरा मानून गप्प बसलो.

वाङ्मयप्रकार म्हणजे सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला करार. 'आटपाट नगर' म्हटलं की ऐकणारा ओळखतो, ही व्रताची कहाणी. आता कुणी वसा घेणार, उतणार-मातणार, विपत्ती येणार, वसा पुन्हा पाळल्यावर भरभराट होणार. अशा करारामुळे गोष्ट चटकन समजते, हे खरं. पण त्यात एक कलम गुपचूप घातलेलं असतं. दारिद्र्य येतं ते वसा चुकल्यामुळे. मजुरी किती मिळाली, जमीन कुणाच्या नावावर होती, हे त्या नगरात कुणी विचारीत नाही. साच्याबरोबर मुलं हे कारणही पाठ करतात.

मग साचे फेकून द्यावेत काय? काही मित्र तसं म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्या जलशांचंच पाहा. तमाशाचा क्रम गण, गौळण, बतावणी, वग असा. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला आणि पुढे त्याच्या जलशांनी हाच क्रम उचलला. गण ठेवला, पण गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा नायक असा अर्थ लावला. नंतर नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या आंबेडकरी जलसाकारांनी वंदना बाबासाहेबांकडे वळवली, गौळणीतला शृंगार काढला आणि राजा-प्रधानाच्या जागी पाणी, शाळा, सावकार आणले. ढोलकी ओळखीची, क्रम ओळखीचा, म्हणून लोक बसले. आणि बसले म्हणून नवं ऐकून गेले. तीच गोष्ट आत्मचरित्राची. कर्तबगार माणसानं कृतार्थ आयुष्याच्या उतरणीवर ते लिहायचं, हा रूढ संकेत. १९७८ साली 'बलुतं' आलं तेव्हा दया पवार चाळिशीत होते, आणि त्यात दगडू मारुती पवार आपल्याच शिकल्या-सवरल्या रूपाशी बोलतो. अशा लेखनासाठी पुढे 'आत्मकथन' हा शब्द रुळला.

हे व्याख्यान मी मुलांना दिलं नाही. त्या मुलीला एवढंच म्हटलं, घरातली एक गोष्ट तीन तऱ्हांनी सांग. तिनं आईचा कप निवडला. एका घरी आईला चहा वेगळ्या कपात मिळतो. कहाणी करायला गेली तर अडली. कुठलं व्रत केल्यावर कप एक होणार? वगात मात्र रंगली. तिचा सोंगाड्या मालकिणीला विचारतो, "बाईसाहेब, ह्या कपाची जात कंची?" मुलं खदखदून हसली. तिसऱ्यांदा तिनं 'मी' म्हणून लिहिलं, तेव्हा कुणी हसलं नाही. आई कप विसळते, खिडकीत पालथा घालते, दुसऱ्या घरी कामाला जाते. एवढंच.

मग तिनं विचारलं, "सर, परीक्षेत खाली तात्पर्य लिहाय लागतंय. ह्याचं काय लिहू?"

मी म्हणालो, परीक्षेत परीक्षकाचा करार पाळ, गुण घे. तो करार आहे हे मात्र ध्यानात ठेव. ही गोष्ट वेगळ्या वहीत लिही, बिनतात्पर्याची. तिला ते अर्धंच पटलं. वेगळ्या वहीला गुण कोण देणार, असं तिचं म्हणणं. तिच्या घरची स्थिती मला माहीत आहे, त्यामुळे मलाही पुढे ठामपणे बोलता आलं नाही.