मोठ्या शहराची सहल सोडा, पवनीला चला

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या कोराडीच्या वीज वसाहतीत एकच चर्चा असते: यंदा मुंबई की हैदराबाद? महिनाभर आधी तिकिटं काढायची, तिथे जाऊन ट्रॅफिकमध्ये बसायचं, मॉल बघायचे अन् दमून घरी यायचं. मुलं लहान असताना मी एकदा हट्टानं त्यांना पवनीला नेलं. तेव्हापासून आमच्या घरी मोठ्या शहराच्या सहलीचं नाव कुणी काढत नाही.

नागपूर ओलांडून उमरेडचा रस्ता धरायचा. मिरचीचं भिवापूर मागे पडलं की भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठावर पवनी लागते. गावाच्या तीन बाजूंना मातीचा जुना तट आणि खंदक, चौथीकडे नदी. दगडी दरवाजातून आत शिरलं की देवळंच देवळं, आणि मग घाटाच्या पायऱ्या. सकाळी तिथे ढिवर मंडळी डोंगे काठाला लावून जाळी मोकळी करत असतात. एका म्हाताऱ्या बाबांनी माझ्या मुलीला जाळ्याचा फाटका भाग दाखवला, सुई तिच्या हातात दिली आणि गाठ कशी मारायची ते शिकवलं. अर्धा तास ती तिथून हलली नाही.

गाव किती जुनं, हे जगन्नाथ टेकडीवर कळतं. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं 1969-70 मध्ये इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या त्या कामात मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली होती. पाच फण्यांच्या एका नागाखाली त्याचं नावही आहे, मुचरिंद. बुद्धावर पाऊस कोसळत असताना फणा धरणारा तोच हा नाग. दोन हजार वर्षांपूर्वी या काठावर एवढी श्रीमंती आणि एवढी कारागिरी होती, हे आमच्या विदर्भातल्या मुलांना शाळेत ठसवून सांगायला हवं. तसं होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पवनीच्या खाली गोसीखुर्द धरण आहे, 33 दरवाजांचं. 1988 मध्ये राजीव गांधींनी त्याचं भूमिपूजन केलं. धरण भरू लागल्यापासून पाणी मागे पसरलं आणि घाटावरची वाहती धार मंदावली. या पाण्यात आपणही आहोत. आमच्या कोराडीजवळची कोलार नदी कामठीला कन्हानला मिळते. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदीही कन्हानमध्येच येते. आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत शिरते आणि पुढे तेच पाणी पवनीच्या घाटाला लागतं. पाणवनस्पतीचा हिरवा थर दिसला, की तो कुठून पोसला जातो हे मुलांना सांगायला मी विसरत नाही. नदी बघायला जायचं तर ती पूर्ण बघावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. नागपूरहून एसटी मिळते. मुक्काम करायचा तर सोय आधी विचारून ठेवा. उन्हं चढायच्या आत घाटावर पोचा, टेकडी संध्याकाळी चढा, आणि निर्माल्याची पिशवी नदीत न टाकता घरी परत आणा.