बिघाड शोधण्याचा हक्क

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली… कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या वर्कशॉपमध्ये डोकावलं, तर कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेलं एखादं सीएनसी मशीन दिसण्याची शक्यता बरीच असते. बेड शाबूत, गाइडवे फारसे झिजलेले नाहीत, बॉलस्क्रू अजून काही वर्षं सहज काढेल. गेलेला असतो तो कंट्रोलर. त्या मॉडेलची कार्डं बनणं बंद झालेलं असतं. मिळालंच तर जुन्या बाजारात, वॉरंटीशिवाय, मागतील त्या किमतीला. मग मापात चालणारं उत्तम यंत्र किलोच्या भावाने भंगारात जातं.

अशा मशीनला पुन्हा उभं करण्याचा एक मार्ग आज खुला आहे: साधा संगणक, लिनक्स आणि त्यावर चालणारा लिनक्ससीएनसी हा मुक्त-स्रोत कंट्रोलर. त्याचा विषय निघाला की पहिली चर्चा होते ती तो फुकट असल्याची. मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. बंद कंट्रोलर अलार्मचा आकडा दाखवतो आणि थांबतो. त्या आकड्यामागे काय घडलं हे पाहण्याची वाट पुष्कळदा तिथेच संपते. मुक्त कंट्रोलरमध्ये आतला प्रत्येक सिग्नल पाहता येतो, त्याचा आलेख काढता येतो आणि गरज पडली तर तो सिग्नल तयार करणारी प्रोग्रामची ओळही वाचता येते. म्हणजे यंत्राच्या मालकाला बिघाड शोधण्याचा हक्क मिळतो. तो हक्क नीट वापरायचा, तर मात्र कामाची शिस्त लागते.

सरकारी प्रयोगशाळेतून वर्कशॉपकडे

जॉन पार्सन्स या अमेरिकी कारखानदाराने हेलिकॉप्टरच्या पात्यांचं काम करताना आकड्यांवरून यंत्र चालवण्याची कल्पना मांडली. हवाई दलाच्या पैशावर एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने ती पुढे नेली आणि १९५२मध्ये सिनसिनाटीचं एक मिलिंग मशीन छिद्रं पाडलेल्या पट्टीवरच्या आज्ञांनी चालवून दाखवलं. पुढे या आज्ञांची भाषा आरएस-२७४ या मानकात बसवली गेली. तोच आपला जी-कोड. भाषा बऱ्याच अंशी समाईक झाली, पण ती वाचणारे कंट्रोलर मात्र ज्याच्या त्याच्या कुलपात राहिले.

हे कुलूप काढण्याचा प्रयत्न मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ने, म्हणजे निस्टने, १९९०च्या दशकात केला. ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’, थोडक्यात ईएमसी, हे त्यांच्या प्रकल्पाचं नाव. कंट्रोलरचे भाग एकमेकांशी कसे बोलतील हे उघडपणे ठरलं, तर एकाचा भाग काढून दुसऱ्याचा बसवता येईल, हा विचार त्यामागे होता. दशकाच्या मध्यात मिशिगनमधल्या पॉन्टिअॅक इथे जनरल मोटर्सच्या पॉवरट्रेन विभागात चार अक्षांच्या एका मशीनवर तो प्रत्यक्ष चालवून पाहिला गेला. अमेरिकी सरकारच्या कर्मचाऱ्यांनी नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणावर त्या देशात कॉपीराइट लागत नाही, त्यामुळे हा प्रोग्राम सार्वजनिक मालकीचा झाला. तो स्वयंसेवकांनी उचलला, रिअल-टाइम लिनक्सवर वाढवला आणि नव्या आवृत्तीला जीपीएल परवाना दिला. ईएमसी याच नावाच्या एका मोठ्या कंपनीने ट्रेडमार्कचा मुद्दा काढल्यावर २०११-१२च्या सुमारास त्याचं नाव लिनक्ससीएनसी झालं.

बिघाड शोधण्याच्या दृष्टीने या वाटचालीतला सर्वांत मोलाचा टप्पा म्हणजे जॉन कासुनिच यांनी रचलेला ‘हॅल’ हा थर. यात कंट्रोलरचा प्रत्येक भाग स्वतंत्र असतो, त्याला पिना असतात आणि पिना सिग्नलने जोडायच्या असतात. पॅनेलमध्ये वायरिंग करणाऱ्या माणसाला ही रचना लगेच कळते. कोणत्याही पिनेवर हॅलमीटर लावून तिची किंमत वाचता येते, हॅलस्कोप लावून चालत्या मशीनवर तिचा आलेख पाहता येतो. आज्ञा कुठपर्यंत पोचली आणि कुठे अडली, हे टप्प्याटप्प्याने तपासता येतं.

वेग नको, ठेका हवा

नव्याने रेट्रोफिट करणाऱ्यांना सुरुवातीलाच गाठणारा संदेश म्हणजे ‘अनपेक्षित रिअल-टाइम विलंब’. पुष्कळजण त्यावर जास्त ताकदीचा संगणक आणतात आणि नव्या संगणकावरही तोच संदेश येतो. कारण इथे प्रश्न वेगाचा नसून वक्तशीरपणाचा असतो. भजनात टाळकरी किती जोरात वाजवतो याला महत्त्व नाही, ठेक्यावर वाजवतो की नाही याला आहे. संगणकाकडूनही तेवढंच हवं असतं.

हिशेब करून पाहू. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्राइव्हवर प्रत्येक पावलाचे १० भाग केले तर २,००० झाली. बॉलस्क्रूचा लीड ५ मिलिमीटर असेल, तर एका मिलिमीटरला ४०० पल्स लागतात. मिनिटाला ३,००० मिलिमीटर वेग हवा असेल, म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर, तर सेकंदाला २०,००० पल्स द्यावे लागतात. दोन पल्समध्ये अंतर फक्त ५० मायक्रोसेकंद. पल्स चढवायला एक ठोका आणि उतरवायला एक ठोका धरला, तर संगणकाला दर २५ मायक्रोसेकंदांनी न चुकता हजेरी लावावी लागते.

लिनक्ससीएनसीसोबत येणारी लेटन्सी चाचणी नेमकं हेच मोजते: हजेरीला जास्तीत जास्त किती उशीर झाला. चाचणी सुरू ठेवून संगणकाला मुद्दाम राबवायचं. खिडक्या इकडेतिकडे ओढायच्या, मोठ्या फाइली कॉपी करायच्या, ग्राफिक्स चालवायचे. सर्वांत मोठा उशीर १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला, तर पॅरलल पोर्टवरून थेट पल्स देण्यासाठी तो संगणक उत्तम. ३० ते ५० आला तर काम होईल, पण वेग कमी ठेवावा लागेल. १००च्या पुढे गेला तर त्या पद्धतीचा नाद सोडावा. आकडा खराब आला, तर आधी बायोसमध्ये जाऊन वीज वाचवण्याच्या सोयी आणि हायपरथ्रेडिंग बंद करावं आणि पुन्हा मोजावं. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतरचा आकडा वहीत टिपायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

पल्स देण्याचं कामच संगणकाकडून काढून घेणं हा दुसरा उपाय. मेसा कंपनीच्या एफपीजीए कार्डांमध्ये पल्स कार्डावरच तयार होतात. संगणकाने साधारण दर मिलिसेकंदाला एकदा हालहवाल विचारली की पुरतं. तरी तेवढी शिस्त त्यालाही पाळावीच लागते. कार्ड इथरनेटवर असेल आणि नेटवर्कचं हार्डवेअर पाकिटं साठवून एकदम देत असेल, तर वाचन अपुरं राहिल्याची तक्रार येते. ती साठवण बंद केली की बऱ्याच मशीनवर ती थांबते.

अर्धा मिलिमीटर गेला कुठे?

आता एका बिघाडाकडे जवळून पाहू. राउटरवर लाकडात नक्षी चालू आहे. सुरुवातीला खोली अचूक, पण काम पुढे सरकेल तशी टूल हळूहळू खोल जाते. शेवटी झेड अक्ष अर्धा मिलिमीटर खाली आलेला असतो. स्क्रीनवरचे आकडे मात्र बिनचूक, आणि एकही एरर नाही.

अशा वेळी कपलिंग ढिलं आहे, मोटर कमी पडते, बॅकलॅश आहे, असे अंदाज सुरू होतात. अंदाजापेक्षा डायल गेज बरा. टूल काढून ठेवावं, झेडला ०.०१ मिलिमीटरचा डायल लावून शून्य करावा आणि आधी एक लांब फेरी द्यावी: वर जाऊन परत त्याच जागी. मग तेवढंच एकूण अंतर छोट्या छोट्या शेकडो फेऱ्यांमध्ये तोडून द्यावं. त्यानंतर वेग अर्धा करून दोन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात.

चूक कशासोबत वाढते, यावर तिचं मूळ ठरतं. एकाच दिशेने कापलेल्या अंतरासोबत वाढली, तर मिलिमीटरला किती पल्स हा आकडा चुकला आहे. वेग वाढवला की येते आणि कमी केला की जाते, तर मोटर जोर कमी पडून पावलं सोडते आहे. डायलपाशी वरून आलं आणि खालून आलं तर वेगळं वाचन मिळतं, पण एकाच बाजूने आल्यावर वाचन जुळतं, तर तो बॅकलॅश. कशाशीच मेळ बसत नसेल, तर ढिलं कपलिंग किंवा नॉइज. आणि चूक दिशा बदलण्याच्या संख्येसोबत, नेहमी एकाच बाजूला वाढत असेल, तर दोष यंत्राच्या लोखंडात नसून सिग्नलच्या वेळेत आहे.

आपल्या राउटरचा दोष या शेवटच्या प्रकारातला. ड्राइव्हला दोन तारा जातात, पल्सची आणि दिशेची. दिशा बदलल्यावर पल्स येण्याआधी ड्राइव्हला थोडा अवधी हवा असतो. अनेक ड्राइव्हांच्या माहितीपत्रकात तो ५ मायक्रोसेकंद दिलेला असतो. हा अवधी कमी पडला, किंवा पल्सची चढती-उतरती बाजू उलटी जोडली गेली, तर दिशा बदलताना एखादं पाऊल चुकतं. एका वर-खाली फेरीत एक पाऊल गेलं, तर मिलिमीटरला ४०० पल्सच्या हिशेबाने ०.००२५ मिलिमीटरची चूक. ती डोळ्याला दिसत नाही. नक्षीकामात मात्र झेड सतत वरखाली होतो. अशा २०० फेऱ्या झाल्या की अर्धा मिलिमीटर पुरा होतो.

दुरुस्ती दोन आकड्यांची असते: दिशा किती आधी लावायची आणि किती वेळ धरून ठेवायची, हे ड्राइव्हच्या माहितीपत्रकाप्रमाणे नॅनोसेकंदांत भरायचं आणि पल्सची बाजू तपासायची. यातून एक मोठा धडा मिळतो. हॅलस्कोप दाखवतो ते सॉफ्टवेअरच्या समजुतीतलं मशीन. तारेत खरोखर काय चाललंय ते खऱ्या ऑसिलोस्कोपवर दिसतं आणि टूलचं टोक कुठे आहे ते डायल सांगतो. या तिन्हींपैकी कोणत्या दोघांमध्ये तफावत पडते, ते कळलं की बिघाडाचा पत्ता लागतो.

स्पिंडल सुरू झाला की

मशीन रिकामं चालवताना सगळं ठीक. स्पिंडल सुरू केला की मध्येच ‘लिमिट स्विच लागला’ म्हणून काम थांबतं, आणि टेबल तर मधोमध असतं. हा नॉइजचा नमुना. स्पिंडलची व्हीएफडी ड्राइव्ह व्होल्टेज फार वेगाने चालू-बंद करत असते, आणि तिच्या केबलशेजारून गेलेल्या लिमिटच्या तारेत त्याचे ठसे उमटतात. लिमिटच्या पिनेवर हॅलस्कोपचा ट्रिगर लावून, टूल न टेकवता स्पिंडल सुरू केला की ते ठसे समोर दिसतात. अर्डुइनोवर चालणाऱ्या जीआरबीएलच्या छोट्या मशीनवरही हाच त्रास हार्ड लिमिटचा अलार्म होऊन येतो.

इथे उपायांचा क्रम महत्त्वाचा. आधी स्पिंडलची केबल आणि सिग्नलच्या केबली वेगळ्या मार्गाने न्याव्यात. सिग्नलची शिल्डेड केबल घेऊन शिल्ड पॅनेलच्या बाजूलाच अर्थ करावी. स्विच ५ व्होल्टऐवजी २४ व्होल्टवर घ्यावेत, आणि ते नेहमी जोडलेले, लागल्यावर तुटणारे असावेत. म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबतं. एवढं करूनही काही उरलंच, तर सॉफ्टवेअरमधला डीबाउन्स फिल्टर. तो आधीच लावला तर लक्षण झाकलं जातं आणि मूळ तसंच राहतं.

‘फॉलोइंग एरर’च्या बाबतीतही हीच चूक होते. अक्ष जिथे असायला हवा आणि जिथे आहे, यांतलं अंतर मर्यादेबाहेर गेलं की हा संदेश येतो. मर्यादेचा आकडा वाढवला की संदेश जातो, पण त्यासोबत मापाची खात्रीही जाते. पल्सचा ठोका ५० मायक्रोसेकंदांवर ठेवला असेल, तर आपल्या वरच्या हिशेबाने अक्ष मिनिटाला १,५०० मिलिमीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. त्याच्याकडून ३,००० मागितले, तर तो मागे पडणारच. सर्व्होवर कारण पीआयडीच्या जुळणीत असू शकतं किंवा शाफ्टवर सरकणाऱ्या एन्कोडरमध्ये. संदेश आला तो मदतीला आला, असं धरून कारणापर्यंत जावं.

जिथे सॉफ्टवेअरवर विसंबायचं नाही

मुक्त कंट्रोलरमध्ये सगळं बदलता येतं, आणि म्हणूनच जबाबदारीही आपल्यावर येते. ई-स्टॉपचं लाल बटण कधीही फक्त सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नये. त्याने रिले किंवा कॉन्टॅक्टरमार्फत ड्राइव्हांची ताकद थेट तोडली पाहिजे. सॉफ्टवेअरला त्याची केवळ वर्दी मिळावी. संगणक गोठला तर काय, हाही प्रश्न सोडवून ठेवावा लागतो. मेसा कार्डांवर वॉचडॉग असतो. संगणकाकडून ठरल्या वेळेत हाक आली नाही, तर तो आउटपुट बंद करतो. पॅनेल बंद केल्यावरही व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही मिनिटं टिकून असतो. माहितीपत्रकात दिलेला वेळ थांबून, मल्टिमीटरने खात्री करूनच हात घालावा.

हे शिकवलं पाहिजे

या सगळ्यात लागतो तो डायल, मल्टिमीटर, थोडं अंकगणित आणि धीर. यातलं काहीही आपल्या फिटर-टर्नरांना परकं नाही. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३पासून हाताने काम करत शिकण्याची पद्धत रुजवली, आणि एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबांपैकी एक तिथेच उभी राहिली. गावातल्या मुलांच्या हाती संगणकावर चालणारी यंत्रं देता येतात, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे.

म्हणून प्रत्येक आयटीआय आणि तंत्रनिकेतनात मुक्त कंट्रोलरचं एक मशीन केवळ बिघाड शोधण्याच्या सरावासाठी असावं. ते महागडं असण्याची गरज नाही. जुना लेथ किंवा लहान राउटर चालेल. शिक्षकाने वीज बंद ठेवून त्यात दोष घालावेत: दिशेचा अवधी शून्य करावा, कपलिंगचा स्क्रू सैल करावा, लिमिटची केबल स्पिंडलच्या केबलला बांधून ठेवावी. विद्यार्थ्यांनी दोष शोधावा आणि काय मोजलं, काय वगळलं, काय उरलं हे मराठीत लिहून काढावं. पुढच्या तुकडीला ती वही पाठ्यपुस्तकाइतकीच उपयोगी पडेल. मशीन चालवायला शिकवण्यासाठी आपण तास देतो. ते बंद का पडलं हे शोधायला शिकवण्यासाठीही तेवढेच तास दिले पाहिजेत, आणि परीक्षेत गुणही.