तारकांचे शेजार आणि गणगोत

दिवाळीची अमावास्या ही दिव्यांची रात्र खरी; पण आकाशाच्या हिशेबाने पाहिले तर ती चांदण्यांचीही रात्र आहे. चंद्राचा अडसर नाही, पावसाळा सरलेला, हवा निवळलेली. मात्र आमच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट पटवून द्यावी लागते. अशोकस्तंभापासून पश्चिमेला निघावे, तो दुकाने आणि मंगल कार्यालये यांच्या दिव्यांनी रस्ता असा झगमगत असतो, की वर मोजक्याच चांदण्या उरतात. शेजारच्या एका चौथीतल्या मुलाने मला विचारले, "काका, आकाशगंगा नाशकात नसते का?" मी म्हटले, "असते रे! आपणच तिच्यात राहतो." त्याचे समाधान झाले नाही. म्हणून त्याला जे सांगितले, तेच येथे जरा विस्ताराने सांगतो.

प्रथम तारकासमूह घेऊ. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठाल, तेव्हा ईशान्येला सप्तर्षी वर येताना दिसतील. पाहणाऱ्याला वाटते, हे सातही जण एका कुटुंबातले. मौज अशी, की दोन टोकांचे क्रतू आणि मरीची हे शंभराहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहेत, तर मधले पाच सुमारे ऐंशी. हे पाच जण एकाच दिशेने, एकाच चालीने निघालेले आहेत; त्यांचा जन्मही एकाच मेघातला. म्हणजे एका वाड्यात पाच सख्खे भाऊ आणि दोन भाडेकरू! बहुतेक तारकासमूहांत तर सारेच भाडेकरू असतात. आपल्या पूर्वजांनी चंद्राच्या वाटेवर २७ नक्षत्रे मांडली. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने १९२२ साली साऱ्या आकाशाचे ८८ तारकासमूह मान्य केले. ही झाली पत्ता सांगण्याची सोय. त्यावरून नाते ठरत नाही.

मग नाते कशावरून ठरवायचे? ताऱ्यांच्या बाबतीत पहिली खूण रंगाची. त्याच पहाटे नैर्ऋत्येकडे मृग नक्षत्र दिसेल. त्यातला काक्षी तांबूस, तर राजन्य निळसर पांढरा. लोहाराच्या भात्यापाशी उभे राहिलेल्याला याचे कारण सांगायला नको. लोखंड आधी लाल होते, मग पांढरे. काक्षीचा पृष्ठभाग सुमारे साडेतीन हजार अंश तापलेला आहे, राजन्याचा सुमारे बारा हजार. ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून पाहून त्यांचे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे वर्ग पाडले गेले. ओ सर्वांत तप्त, एम सर्वांत थंड. हार्वर्डच्या वेधशाळेत अ‍ॅनी जंप कॅनन या बाईंनी सुमारे साडेतीन लाख तारे अशा रीतीने लावून ठेवले. पण या वर्गांमागे उष्णतेचा हिशेब कसा आहे, हे १९२० साली गणिताने दाखवून दिले ते आपल्या मेघनाद साहांनी. आपला सूर्य या यादीत 'जी' वर्गातला, मध्यमवर्गीय गृहस्थ!

तारे जन्मतात तेही मृगातच पाहता येते. तीन ताऱ्यांच्या बाणाजवळ एक धुरकट ठिपका आहे. ती सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवरची वायूची आणि धुळीची अभ्रिका. असा मेघ स्वतःच्याच वजनाने आकसतो, गाभा तापत जातो, आणि उष्णता कोटीभर अंशांवर गेली की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. तारा पेटला! बहुतेक तारे घोळक्याने जन्मतात. कृत्तिकांचा पुंज हा असाच, सुमारे दहा कोटी वर्षांच्या सख्ख्या बहिणींचा. पुढे मात्र ज्याचे वस्तुमान अधिक तो अधिक उधळ्या. राजन्यासारख्याचे आयुष्य कोटी-दोन कोटी वर्षांत आटोपते; आपला काटकसरी सूर्य ४६० कोटी वर्षे जळतो आहे आणि आणखी जवळजवळ तितकीच वर्षे जळेल.

आता सर्वांत मोठी बिऱ्हाडे, म्हणजे दीर्घिका. लक्ष्मीपूजनानंतर रात्री नऊच्या सुमारास, अंधाऱ्या जागेवरून, डोक्यावर देवयानी समूहात कापसाच्या बोळ्यासारखा डाग दिसतो. तो आहे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. तो आपल्या आकाशगंगेबाहेरचा आहे, हे एडविन हबलने १९२० नंतरच्या दशकात सिद्ध केले आणि १९२६ साली दीर्घिकांचे लंबगोल, सर्पिल, दंड-सर्पिल आणि अनियमित असे वर्ग पाडले. लंबगोल दीर्घिकांत वायू बहुतेक संपलेला, तारे वयस्क आणि तांबूस. सर्पिलांच्या भुजांत अजून पाळणे हलताहेत. आपली आकाशगंगा दंड-सर्पिल.

समजूत अशी होती, की वायू गोळा व्हायला, लहान दीर्घिकांच्या मोठ्या व्हायला आणि फिरती तबकडी स्थिरावून तिला रेखीव भुजा फुटायला काही अब्ज वर्षे लागतात. विश्वाच्या बाल्यात सारा ओबडधोबड कारभार असणार. या समजुतीला पुण्याहून धक्का बसला. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत दोन भुजांची एक सुबक सर्पिल दीर्घिका शोधून काढली. २०२५ साली ती जाहीर झाली. तिचा प्रकाश निघाला तेव्हा १३८० कोटी वर्षांचे हे विश्व अवघे दीडशे कोटी वर्षांचे होते. तिच्यात दरवर्षी साठेक सूर्यांइतके नवे तारे घडत होते. आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात. म्हणून या बहिणीचे नाव ठेवले अलकनंदा. गोदावरीलाच गंगा म्हणणाऱ्या आम्हा नाशिककरांना ते आवडले नाही तरच नवल!

अलकनंदा इतक्या लवकर कशी घडली, याचे उत्तर अजून मिळायचे आहे. पण वर्ग पाडण्याचा खरा लाभ हाच. कप्पे नीट लावलेले असले, की न बसणारी वस्तू चटकन हाती लागते आणि तीच नवे शिकवते. मात्र त्यासाठी पाहणारे डोळे हवेत, आणि डोळ्यांना अंधार हवा. तेव्हा यंदा पणत्या अवश्य लावा. त्या विझल्यावर गॅलरीतले विजेचे दिवेही मालवा, आणि एक रात्र मुलांना घेऊन गंगापूर धरणाकडे, गावाबाहेर जा. फराळाचा डबा बरोबर असला, तर देवयानी उगीच घाई करणार नाही.