रुग्णशय्येपाशी जागणारी विद्या

अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी जो निर्णय दिला, त्याची दयामरणाच्या अंगाने विपुल चर्चा झाली आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु त्या निकालपत्राच्या तपशिलात एक दाखला असा नमूद आहे की, कायदेपंडितांपेक्षाही वैद्यकशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याच्यापाशी थांबावयास हवे होते. परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका म्हणून तैनात असलेल्या या तरुणीवर नोव्हेंबर १९७३ मध्ये पाशवी हल्ला झाला, मेंदूला प्राणवायू न मिळाल्यामुळे ती कायमची शय्येला खिळली, आणि त्यानंतरच्या सदतीस वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण उमटला नाही. पुढे मे २०१५ मध्ये न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला. तोवर केईएमच्या परिचारिकांच्या कित्येक तुकड्या निवृत्त झाल्या होत्या आणि हल्ला झाला त्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या अशा मुली तिची शुश्रूषा करीत होत्या.

शय्याव्रण, ज्याला वॉर्डात सारेच 'बेडसोअर' म्हणतात, तो कसा होतो हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्यालाच वरील दाखल्याचे मोल कळेल. माकडहाड, खुबे, टाचा अशा जेथे जेथे हाड कातडीच्या अगदी निकट असते, तेथे देहाचाच भार सूक्ष्म रक्तवाहिन्यांना दाबून धरतो. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस पालटतो म्हणून त्याला इजा होत नाही, पण ज्याचे शरीर हलत नाही, त्याच्या त्वचेखालील पेशी काही तासांतच मरू लागतात, प्रथम लालसर डाग पडतो, मग कातडी फाटते, मग जखम हाडापर्यंत पोचते आणि तिच्यातून शिरलेले जंतू रक्तात भिनून अखेर रुग्णाचा प्राण घेतात. यावरचा खरा उपाय कोणत्याही औषधाच्या बाटलीत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावयाची, ओल टिपावयाची, चादरीची सुरकुती काढावयाची, पोटात पुरेशी प्रथिने जातात की नाही ते पाहावयाचे, आणि कातडीचा रंग किंचित जरी पालटला तरी तो त्याच पाळीत कुणाच्या तरी नजरेस यावयाचा, एवढाच तो उपाय आहे. संपूर्ण परावलंबी रुग्णासाठी दर दोन तासांचा हा हिशेब सदतीस वर्षांचा मांडला, तर तो दीड लाखाच्या वर जातो. यात रविवार नाही, सणवार नाही, संपाचा किंवा मुसळधार पावसाचा दिवसही नाही.

मला येथे जे सांगावयाचे आहे ते हेच की, परिचर्या ही उपचाराला जोडलेली पुरवणी नसून ती स्वतःच एक उपचार आहे. तिची मात्रा असते, ती मात्रा कमी पडली की माणसे मरतात, आणि किती मरतात हे मोजताही येते. आपण मात्र परिचारिकेचा गौरव त्याग, ममता, सेवा याच शब्दांनी करीत आलो. त्या गौरवात मनाचा सच्चेपणा नाही असे मुळीच नाही. परंतु ममतेला कुणी खर्चाच्या अंदाजपत्रकात जागा देत नसतो, आणि औषधाला द्यावी लागते.

हे मोजण्याचे शास्त्र जिने आरंभिले, तिचे चित्र आमच्या पाठ्यपुस्तकांनी हाती दिवा देऊन अर्धेच रंगविले आहे. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा मृत्यू थांबले नाहीत. उलट त्या हिवाळ्यात ते वाढतच गेले आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल झालेल्या दर शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ दगावू लागले. ज्या इमारतीत हे रुग्णालय थाटले होते, तिच्या खालीच तुंबलेली गटारे होती. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने ती उपसली, पिण्याचे पाणी शुद्ध केले, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा सुमारे दोनवर उतरले. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या सहवासात तिने जेव्हा सारे दप्तर पुन्हा तपासले, तेव्हा आपल्या अथक शुश्रूषेने नव्हे, तर स्वच्छतेने हे शिपाई वाचले, हे तिला उमगले. एवढे कठोर सत्य स्वीकारून ती थांबली नाही. मृत्यूंची कारणे महिनावार दाखविणाऱ्या वर्तुळाकार आकृत्या तिने १८५८ मध्ये सिद्ध केल्या आणि राज्यकर्त्यांपुढे ठेवल्या. हिंदुस्थानात ती कधी आली नाही, तरी येथील गावांच्या आरोग्याचा प्रश्न तिने अखेरपर्यंत सोडला नाही आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्या संदर्भात तिचा पत्रव्यवहार होता. परिचारिकेचे पहिले साधन नोंदवही आहे, हा धडा आधुनिक परिचर्येने तिच्यापासून घेतला.

आपल्याकडे ही विद्या रुजली, पण तिला जातीपातीच्या व स्पृश्यास्पृश्यतेच्या भिंती ओलांडून यावे लागले. परक्याचे मलमूत्र काढणे, परपुरुषाच्या अंगाला हात लावणे, रात्री घराबाहेर राहणे या तिन्ही गोष्टी ज्या समाजात कुलीन स्त्रीला निषिद्ध होत्या, तेथे १८९१ मध्ये काशीबाई गणपत ही पहिली भारतीय स्त्री परिचर्येच्या शिक्षणासाठी पुढे आली, अशी नोंद परिचर्येच्या इतिहासग्रंथांत आढळते. पुढे रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून विधवांना व गरजू मुलींना या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले, तेव्हा त्यांना केवढा उपहास सोसावा लागला असेल, याची कल्पना त्या काळची वृत्तपत्रे चाळणाऱ्याला सहज येईल. तरीही संख्या फार वाढली नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करून भोर समितीने १९४६ मध्ये जो हिशेब सरकारपुढे ठेवला, त्यात ब्रिटिश हिंदुस्थानात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर परिचारिका ४३,००० लोकांमागे एक. म्हणजे जेथे एका डॉक्टरामागे अनेक परिचारिका असावयास हव्यात, तेथे सात डॉक्टरांमागे जेमतेम एक परिचारिका. या उलट्या मनोऱ्याची सवय आपल्या व्यवस्थेच्या हाडीमाशी इतकी खिळली की, रुग्णाबरोबर एक नातेवाईक राहणारच, हे आपण गृहीत धरून चाललो आणि परिचर्येचा मोठा हिस्सा त्या अप्रशिक्षित, भेदरलेल्या, जमिनीवर सतरंजी अंथरून पडलेल्या माणसावर टाकून मोकळे झालो.

आता त्या मात्रेकडे वळू. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत उद्भवणे हे पुष्कळदा रुग्णाच्या मूळ प्रकृतीवर अवलंबून असते, पण ती उद्भवल्यावर रुग्ण वाचतो की नाही, हे रुग्णालयावर अवलंबून असते, असे अमेरिकेतील जेफ्री सिल्बर यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. हा भेद लक्षात घेतला की सारे स्पष्ट होते. रक्तस्राव आतल्या आत सुरू झाला आहे, जंतुसंसर्ग रक्तात पसरतो आहे, फुप्फुसात गुठळी अडकली आहे, या घटना डॉक्टरांच्या सकाळच्या राऊंडची वाट पाहत नाहीत. त्या पहाटे तीन वाजता सुरू होतात आणि त्यांची चिन्हे बारीक असतात: नाडी किंचित जलद, श्वास मिनिटाला सोळाचा बावीस, लघवी कमी, आणि मघापर्यंत नीट बोलणारा माणूस आता थोडा भ्रमिष्टासारखा. ही चिन्हे कागदावर उतरतात ती सिस्टरच्या हातून, आणि ड्यूटीवरील डॉक्टरला झोपेतून उठविण्याचा निर्णयही तिचाच असतो. तिच्याकडे चार रुग्ण असतील तर हे तिला दिसेल. चाळीस असतील तर तिचा डोळा कितीही तरबेज असला तरी दिसणार नाही.

लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांतल्या दोन लाख बत्तीस हजारांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांचे दप्तर तपासून २००२ मध्ये याचे परिमाणच सांगितले: परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण अधिक आला की, तीस दिवसांत मृत्यू येण्याचा संभव सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. हीच पद्धत घेऊन युरोपातील नऊ देशांत केलेल्या अभ्यासाचे फलित २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेथेही उत्तर तेच आले. शिवाय पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले तर मृत्यूचा संभव सुमारे सात टक्क्यांनी घटतो, असेही आढळले. अशा निरीक्षणात्मक अभ्यासांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो की, जेथे परिचारिका पुरेशा असतात तेथे इतरही साधनसंपत्ती असते, मग श्रेय नेमके कुणाचे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने दिले. तेथे २०१६ मध्ये ठरावीक सरकारी रुग्णालयांत दिवसा चार रुग्णांमागे एक व रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका असे किमान प्रमाण कायद्याने मुकर्रर झाले, बाकीच्या रुग्णालयांत झाले नाही, आणि संशोधकांना आपोआप तुलना करावयास मिळाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अंदाजाप्रमाणे १४५ मृत्यू टळले, २५५ रुग्णांना पुन्हा दाखल व्हावे लागले नाही, रुग्णालयातील २९ हजारांहून अधिक दिवस वाचले, आणि वाचलेला खर्च नव्या परिचारिकांच्या वेतनाच्या दुपटीहून अधिक निघाला.

केवळ संख्येने मात्र सारे साधत नाही; जिला दिसले तिला बोलण्याचा अधिकारही असावा लागतो. मानेजवळच्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणे, जांघेची जागा टाळणे आणि गरज संपताच नळी काढून टाकणे या पाच गोष्टी साऱ्यांनाच ठाऊक असतात, तरी घाईगर्दीत एखादी राहून जाते. अमेरिकेतील डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांनी या पाच गोष्टींची यादी केली आणि, माझ्या मते हेच अधिक महत्त्वाचे, त्यातील एकही गोष्ट चुकली तर डॉक्टरांना तेथल्या तेथे थांबविण्याची सनद परिचारिकेला दिली. मिशिगनमधील शंभरावर अतिदक्षता विभागांत हे राबविल्यावर अशा नळ्यांमुळे होणारा रक्तसंसर्ग दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ वरून दीड वर्षात १.४ वर आला. शस्त्रक्रियागृहासाठी अशीच एकोणीस कलमांची यादी जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने तयार झाली, त्या कामाचे नेतृत्व शल्यविशारद अतुल गावंडे यांनी केले. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या यादीतले मला सर्वांत मोलाचे वाटणारे कलम अगदी साधे आहे: पहिला छेद घेण्यापूर्वी चमूतील प्रत्येकाने आपले नाव व काम उच्चारावयाचे. जिने एकदा स्वतःचे नाव मोठ्याने सांगितले, तिला पुढे 'सर, थांबा' म्हणणे सोपे जाते.

आणि जेथे रुग्णालयच नाही तेथे? याचे उत्तर शोधावयास आपल्याला परदेशी जावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, त्या त्या गावातील थोडे शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, ऊब देणे, स्तनपानाला मदत करणे, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि आईबापांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, एवढी जबाबदारी या आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन पेलली. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांनुसार तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी शेकडा सोळांहून अधिक दगावत, ते प्रमाण तीनच्या खाली आले. औषध जुनेच होते, स्वस्त होते, तालुक्याच्या दुकानात मिळत होते. नवे होते ते एवढेच की, बाळंतिणीच्या दारात ठरल्या दिवशी येऊन बाळाकडे नीट पाहणारे कुणीतरी होते. २०११ मध्ये भारत सरकारने ही पद्धत आशा कार्यकर्तींच्या द्वारे देशभर नेण्याचे ठरविले. ज्या स्त्रियांच्या श्रमावर ती चालते, त्यांना आजही नियमित वेतनाऐवजी मुख्यतः कामागणिक मोबदला मिळतो, ही गोष्ट मला अत्यंत क्लेशदायक वाटते.

महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका अशी पदांची उतरंड आहे, आणि तिच्याखेरीज मावशी व वॉर्डबॉय हे दोन अपरिहार्य आधार आहेत, ज्यांच्यावाचून कुठल्याही सिस्टरला जड रुग्णाची कूस बदलता येत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांत अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षासाठी तीन खाटांमागे एक परिचारिका सांगितली आहे. ऐकावयास हे प्रमाण उदार वाटते, परंतु त्याची फोड तीन पाळ्यांत केली की प्रत्येक पाळीला नऊ खाटांमागे एक एवढेच हाती राहते, रजेसाठी तीस टक्के राखीव मनुष्यबळ मंजूर असेल तरच ते टिकते, आणि खाटा भरल्यावर जमिनीवर गाद्या टाकून घेतलेले रुग्ण या हिशेबात येतच नाहीत. म्हणून प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयाने आपल्या प्रत्येक कक्षाच्या दारावर, चालू पाळीत किती रुग्ण आणि किती परिचारिका हजर आहेत, जमिनीवरील रुग्ण धरून, हे दोन आकडे रोज तीन वेळा खडूने लिहावेत, आणि ज्या पाळीत शय्याव्रण, पडणे वा अकल्पित मृत्यू घडला, त्या पाळीचे तेच दोन आकडे केसपेपरवर नमूद करण्याचा हुकूम आरोग्य खात्याने काढावा. यासाठी कोणतीही नवी तरतूद लागत नाही. वर्षभराचे असे दप्तर साचले की, नव्या पदांची मागणी घेऊन मंत्रालयात जाणाऱ्या अधिसेविकेच्या हाती विनंतीअर्जाबरोबर पुरावाही असेल.