घर विकायचंय? किचन नवं करू नका, चालू करून द्या



ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात सुतारकाम, फर्निचर किंवा इंटिरिअरचा धंदा करणाऱ्यांसाठी हा विषय. घर विकायला काढलेला माणूस तुम्हाला फोन करतो, "किचन जुनं झालंय, बघायला येणारे नाक मुरडतात. नवं मॉड्युलर करायचं किती घ्याल?" आपला हात लगेच कॅटलॉगकडे जातो. मोठं काम दिसतं ना! माझं म्हणणं, काम घ्या, पण हे नव्हे.

कारण घर घेणाऱ्याच्या खिशात आहे. डोंबिवलीतला एखादा जुना फ्लॅट ६० लाखांना ठरला असं धरू. या रकमेला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देऊ शकते, म्हणजे १२ लाख स्वतःचे. कल्याण-डोंबिवली आणि ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी ३० हजार. झाले साडेसोळा लाख रोख, त्यावर एजंटची दलाली वेगळी. (घर बाईच्या एकटीच्या नावावर असेल तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, पण चित्र फार बदलत नाही.) चावी हातात येते तेव्हा या कुटुंबाकडे किचन करायला पैसेच उरलेले नसतात.

त्यांना हवं असतं पहिल्याच दिवशी डाळ-भात शिजवता येईल असं किचन. बिल्डरच्या नव्या फ्लॅटमध्ये बहुधा ओटा आणि सिंक एवढंच मिळतं, ट्रॉल्या आपल्या आपण करायच्या. तिथं जुन्या घराचं चालू किचन उजवं ठरतं. पण विकणाऱ्यानं हौसेनं लावलेलं चकचकीत लाल अ‍ॅक्रेलिक? घेणाऱ्याला तो रंग आवडला नाही, तर त्याचा एक रुपयाही किमतीत वाढवून मिळत नाही.

मग नेमकं करायचं काय? आधी सिंकखालचा कप्पा रिकामा करायला लावा आणि तळाच्या फळीवर अंगठा दाबा. पार्टिकल बोर्ड पाण्यानं फुगला की पुन्हा बसत नाही, ती फळी बदलावीच लागते. त्या जागी बीडब्ल्यूपी प्लाय वापरा, आयएस ७१० चा शिक्का बघून. पण त्याआधी प्लंबर. गळती न थांबवता फळी बदलणं म्हणजे पावसाळ्याची वाट बघणं. वाळवीची माती दिसली तर पेस्ट कंट्रोल होईपर्यंत कामाला हात लावू नका.

सांगाडा घट्ट असेल तर तो तसाच ठेवा. फक्त दारं, म्हणजे शटर बदला. जुन्या शटरवरच नवा सनमायका चिकटवून स्वस्तात काम होतं असं गिऱ्हाईक सांगेल. होतं, पण जुना पृष्ठभाग नीट घासला नाही तर फुगे येतात, आणि फक्त बाहेरच्याच बाजूला लावला तर शटर वाकू शकतं. नवं शटर करताना दोन्ही बाजूंना लॅमिनेट, कडांना एजबँड. रंग फिका आणि मॅट. बिजागरीची भोकं सैल झाली असतील तर ती बुजवून नवं ३५ मिलिमीटरचं भोक थोडं वर-खाली घ्या. जुनी शटर ठेवणार असाल तर हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा, बहुतेक ९६ किंवा १२८ मिलिमीटर निघेल. त्याच मापाचं हँडल आणलं की बुजवाबुजवी वाचते. गंजलेल्या टोपल्या आणि अडकणारे चॅनल मात्र बदलाच, कारण बघायला येणारा माणूस पहिली ट्रॉलीच ओढून बघतो.

आता धंद्याचा भाग. विकणारं कुटुंब अजून त्याच घरात राहत असतं, म्हणून चूल बंद पडता कामा नये. मापं घ्या, शटर वर्कशॉपमध्ये तयार करा आणि जागेवर फक्त बसवायचं काम ठेवा. सोसायटीत ड्रिल चालवायच्या वेळा आधी विचारा. कोटेशन देताना शटर, बिजागऱ्या, चॅनल, प्लंबर असे आकडे वेगवेगळे लिहा, म्हणजे गिऱ्हाईक घासाघीस करताना नेमकं काय कमी होतंय ते दोघांनाही कळतं. एका कामात मोठ्या मॉड्युलरइतके पैसे नाहीत, हे खरं. पण काम लवकर मोकळं होतं, उधारी कमी अडकते, आणि स्टेशनजवळच्या दोन-तीन इस्टेट एजंटांना तुमचे आधी-नंतरचे फोटो दाखवलेत तर पुढची कामं तेच आणतात.

एका गोष्टीला मात्र सरळ नाही म्हणा. "ती ओल दिसू नये म्हणून मागे पॅनल मारून द्या." मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, घेणाऱ्याला सहज न दिसणारा पण विकणाऱ्याला माहीत असलेला मोठा दोष सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. उद्या भांडण झालं तर ते पॅनल कोणी मारलं हा प्रश्न तुमच्या दारात येतो. एजंटही मग तुमचा नंबर पुढे देत नाही.

आणि बिल पक्कं द्या, कामाचं वर्णन आणि पत्ता लिहून. घर विकल्यावर भांडवली नफ्याच्या हिशोबात यातला कोणता खर्च सुधारणा म्हणून धरता येईल ते गिऱ्हाईकाचा सीए ठरवेल, पण त्याच्या हातात कागद तर हवा. चिठ्ठीवर "किचन काम, रोख" एवढंच लिहिलेलं असेल तर तो तरी काय करणार?